सुनेची गोळी आणि सासूबाईंचा डाग

पोळा पाच दिवसांवर आला होता. धानाची रोवणी आटोपली होती, बांध्यांत पाणी तुडुंब होते आणि दवाखान्यातली गर्दी जराशी ओसरली होती. अशा दुपारी पवनीकडच्या एका खेड्यातून साठी उलटलेली एक बाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. बसण्याआधीच त्यांनी पदराच्या गाठीतून गोळ्यांचे चुरगळलेले पाकीट काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले. अठ्ठावीसपैकी बारा गोळ्या संपलेल्या होत्या.

“ह्या गोळ्या बंद करून द्या जी म्याडम. बारा दिस झाले, पोरगी बाजूलाच बसून आहे. पोळा तोंडावर आला. निवेद कोन करन?”

सून खाली मान घालून उभी होती. वय चोवीस-पंचवीस. दोन मुले, धाकटे दीड वर्षाचे. आशाताईंनी उपकेंद्रातून तिला ‘माला-एन’चे पाकीट आणून दिले होते. पाळीच्या पहिल्या दिवशी तिने गोळी सुरू केली, पाचव्या दिवशी पाळी थांबली, सहाव्या दिवसापासून पुन्हा थोडेथोडे डाग लागू लागले, ते थांबेनात. तिला त्रास म्हणावा असा काही नव्हता. पोट दुखत नव्हते, ताप नव्हता, दिवसातून एखादा कपडा बदलावा लागे इतकेच. पण घराच्या रीतीप्रमाणे बाहेरची झालेली बाई देवघरात जात नाही, चुलीला हात लावत नाही. डाग थांबेनात तशी तिची शिवाशिवही संपेना.

वाचकहो, या पाक्षिकाचे आपण बहुतेक वाचक वयाने वडीलधारे आहात किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांची सेवा करणारे आहात, हे मी जाणते. गर्भनिरोधक गोळीचा विषय आपल्या कामाचा नाही, असे आपल्याला प्रथमदर्शनी वाटेल. पण माझ्या तीसेक वर्षांच्या अनुभवात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. गोळी सून घेते. ती चालू ठेवायची की फेकून द्यायची, याचा निर्णय मात्र पुष्कळदा सासूबाई, आई किंवा आजी करते. म्हणून हे चार शब्द मी सुनांशी न बोलता आपल्याशी बोलते आहे. आणि लेखाच्या उत्तरार्धात आपल्या स्वतःच्या प्रकृतीविषयीही काही सांगायचे आहे. तेवढे वाचल्याशिवाय अंक खाली ठेवू नये, ही विनंती.

आधी माझी स्वतःची एक चूक सांगते. व्यवसायाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण बाईला मी अशाच गोळ्या दिल्या. बाहेर रांग होती. “रोज रात्री एक घे, विसरू नकोस,” एवढेच सांगून तिला वाटेला लावले. नवव्या दिवशी डाग लागले. घरात चर्चा झाली, ‘गोळी उष्ण पडली’ असे ठरले आणि पाकीट उकिरड्यावर गेले. अडीच-तीन महिन्यांनी ती पुन्हा आली ती दोघांच्या आधाराने. दिवस राहिले होते. ते कोणाला न सांगता, कुठल्याशा दुकानातून गोळ्या आणून तिने गर्भ पाडण्याचा प्रयत्न केला होता. अंगावर इतके गेले होते की ओठ कागदासारखे पांढरे झाले होते. हिमोग्लोबिन पाचवर आलेले. मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले, रक्त चढवावे लागले. ती वाचली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पाकीट हातात देताना, “पहिल्या दोन-तीन महिन्यांत मधूनच डाग लागतील, घाबरू नकोस, गोळी सोडू नकोस,” एवढी दोन वाक्ये मी बोलले असते, तर हे सगळे टळले असते. त्या दिवसापासून ही दोन वाक्ये बोलल्यावाचून मी कोणाच्याही हातात पाकीट देत नाही.

आता हे डाग का लागतात, ते सोप्या शब्दांत पाहू. स्त्रीच्या गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला अंडाशयातून येणाऱ्या दोन संप्रेरकांच्या चढउतारावर ते अस्तर वाढते आणि गळून पडते. तीच मासिक पाळी. गोळीत हीच दोन प्रकारची संप्रेरके कृत्रिम रूपात, अगदी लहान मात्रेत आणि रोज सारखी असतात. ‘माला-एन’च्या प्रत्येक पांढऱ्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडायोल 0.03 मिलिग्रॅम असते. अशा एकवीस पांढऱ्या गोळ्या आणि नंतरच्या सात गडद रंगाच्या गोळ्या लोहाच्या. रोजच्या या सारख्या मात्रेमुळे अंडाशयातून बीज बाहेर पडणे थांबते आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ होऊ लागते. जुने जाड अस्तर जाऊन नवे पातळ अस्तर स्थिर होईपर्यंत त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक असतात. त्या मधूनच कुठे तरी झिरपतात. तोच तो डाग.

त्या सासूबाईंना मी हे निराळ्या रीतीने सांगितले. म्हटले, “मावशी, परह्यातून उपटून धान बांधीत रोवले की चार-आठ दिवस रोप पिवळे पडते ना? म्हणून कोणी ते उपटून फेकते का?” त्या पटकन म्हणाल्या, “नाही जी, मूळ धरेपर्यंत तसंच राहते.” मी म्हटले, “हेही तसेच आहे. अंग गोळीला मूळ धरू देते आहे.” धानाच्या जिल्ह्यात राहिल्याचा एवढा लाभ आम्हा डॉक्टरांना होतो.

हे डाग म्हणजे गोळी ‘लागू पडली नाही’ असेही नाही आणि ‘उष्ण पडली’ असेही नाही. गोळ्या नेमाने घेतलेल्या असतील, तर डाग लागत असतानाही गर्भापासूनचे संरक्षण पूर्ण असते. साधारणतः पहिल्या तीन पाकिटांत, म्हणजे तीन महिन्यांत, हे प्रमाण कमी कमी होत जाते. मधेच गोळी बंद केली, तर मात्र दोन गोष्टी घडतात. अस्तर एकदम सुटून रक्तस्राव वाढतो आणि दिवस राहण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे जे टाळायचे तेच आपण ओढवून घेतो.

या डागांचा इतिहास गोळीइतकाच जुना आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक या शास्त्रज्ञांनी पहिल्या गोळीवर काम केले. त्या वेळी त्यांच्या मूळ औषधात इस्ट्रोजेन जातीचा एक पदार्थ भेसळीसारखा किंचित मिसळलेला आढळला. औषध शुद्ध करावे म्हणून तो काढून टाकला, तर गोळी घेणाऱ्या स्त्रियांना मधल्या दिवसांत जास्तच डाग लागू लागले. तेव्हा उमगले की ती ‘भेसळ’च अस्तराला धरून ठेवत होती, मग ती मुद्दाम, मोजून घालण्यात आली. 1960 साली अमेरिकेत ती गोळी गर्भनिरोधनासाठी मान्य झाली. पुढे ध्यानात आले की इस्ट्रोजेनची मात्रा जास्त असेल तर रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून वर्षानुवर्षे ती मात्रा उतरवत आणली गेली. आजच्या गोळीत ती त्या पहिल्या गोळीच्या मानाने कितीतरी कमी आहे. मात्रा उतरली, धोका घटला. त्याची थोडी किंमत म्हणून सुरुवातीचे डाग राहिले. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात ‘कुटुंबनियोजन’ म्हटले की लाल त्रिकोण आणि 1976 च्या सुमाराची शस्त्रक्रियांची सक्ती आठवते. त्या आठवणीचा कडवटपणा मी समजू शकते. पण या विचाराची महाराष्ट्रातली मुळे सक्तीची नाहीत, स्त्रीच्या जिवाच्या काळजीची आहेत. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यांच्यावर खटले झाले. 1934 सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पुढे 1938 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षातर्फे संततिनियमनाच्या सोयी लोकांना मिळाव्यात म्हणून ठराव मांडला गेला, तो फेटाळला गेला. याच बाबासाहेबांनी 1954 साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती, हे जिल्ह्यातल्या वृद्धांना सांगायला नको. सुनेच्या हातातले ते मोफत पाकीट इतक्या लोकांनी बोलणी खाऊन तिच्यापर्यंत पोहोचवले आहे. ते उकिरड्यावर टाकण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना विचारावे, एवढे तरी आपण करावे.

डाग लागले की मी सर्वांत आधी विचारते, “एखादी गोळी विसरली होती का?” कारण चुकलेली गोळी हे अशा डागांचे फार नेहमीचे कारण आहे. रोवणीच्या दिवसांत बायका पहाटे निघतात, अंधार पडता परततात, जेवून अंग टाकतात. गोळी राहून जाते. एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी आणि त्या दिवसाची गोळी ठरल्या वेळी घ्यावी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा अधिक गोळ्या चुकल्या, तर आठवताच एक घेऊन पुढे रोजची चालू ठेवावी आणि सात दिवस निरोधही वापरावा. पाकिटात सातांपेक्षा कमी पांढऱ्या गोळ्या उरल्या असताना असे झाले, तर पांढऱ्या संपवून लोहाच्या सोडून द्याव्यात आणि नवे पाकीट सुरू करावे. पाकिटाच्या पहिल्याच आठवड्यात अशी चूक झाली आणि दरम्यान संबंध आला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारावे. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी गोळी घ्यावी.

मग मी दुसरे विचारते, “आणखी कोणते औषध चालू आहे?” क्षयरोगाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन आणि फिटांसाठी दिली जाणारी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही औषधे गोळीतली संप्रेरके शरीरातून लवकर बाहेर टाकतात. मग डागही लागतात आणि दिवसही राहू शकतात. घरातल्या सुनेला क्षयरोगाचा उपचार सुरू झाला असेल, तर ती गर्भनिरोधक गोळी घेते हे उपचार देणाऱ्यांना अवश्य सांगावे. तिच्यासाठी दुसरे साधन निवडता येते.

ही गोळी सगळ्यांसाठी नाही, हेही स्पष्ट सांगते. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने ही संमिश्र गोळी घेऊ नये. रक्तदाब वाढलेला असणे, पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झालेली असणे, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन उठणारी अर्धशिशी, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, तसेच पस्तिशीपुढचे वय आणि विडी-सिगारेट, यांपैकी काहीही असेल तर ही गोळी वर्ज्य समजावी. म्हणून सुरू करण्याआधी एकदा रक्तदाब मोजून घ्यावा. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. घरात तो आजार असेल तर गोळी आणि लोहाच्या गोळ्या, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. गोळी न मानवणाऱ्यांसाठी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरक नसलेली ‘छाया’ ही गोळी आहे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते. तिच्यात मधले डाग सहसा लागत नाहीत, मात्र पाळी लांबते. दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शनही सरकारी केंद्रांत मिळते. त्यात सुरुवातीला पाळी अनियमित होते आणि पुढे पुष्कळदा थांबते. तेही आधीच सांगून ठेवलेले बरे.

थांबायचे कधी आणि धाव घ्यायची कधी, हे ज्याच्या त्याच्या लक्षात राहावे. तीन महिने उलटूनही डाग चालूच असतील, पुष्कळ दिवस नीट राहून पुन्हा सुरू झाले असतील, संबंधानंतर रक्त दिसत असेल, ओटीपोटात दुखून ताप किंवा घाण वासाचा स्राव असेल, तर तपासणी हवीच. गर्भाशयाच्या मुखाचा आजार, जंतुसंसर्ग, गाठ किंवा राहिलेला गर्भ ‘गोळीचेच डाग’ या समजुतीआड लपून बसू शकतो. तासाला एक कपडा भिजू लागला, मोठ्या गाठी पडू लागल्या, चक्कर आली, तर वाट पाहू नये. आणि गोळी घेणाऱ्या बाईचा एक पाय सुजून दुखू लागला, छातीत कळ आली, दम लागला, कधी नव्हे इतके डोके दुखले किंवा दृष्टी अंधुक झाली, तर गोळी बंद करून त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. रक्त थांबवण्याची गोळी परस्पर दुकानातून आणून देऊ नये.

हे सारे मी त्या दोघींना थोडक्यात सांगितले. सुनेचा रक्तदाब पाहिला, तो नीट होता. तिला तपासले, गर्भाची चाचणी केली, ती नकारार्थी आली. सासूबाईंना मी स्पष्टच सांगितले, “पोळ्यापर्यंत डाग थांबतील असे वचन मी देत नाही. थांबतील किंवा आणखी महिनाभर अधूनमधून लागतील. पण मावशी, ही पाळी नाहीच. पाळीचा विटाळ मानायचा की नाही, हा आपल्या घरचा प्रश्न. पण जो डाग पाळीचा नाही, त्यासाठी पोरीला महिनाभर ओसरीत बसवून ठेवायचे का, याचा विचार करा.” त्या काही बोलल्या नाहीत.

सून औषधे घ्यायला बाहेर गेली. सासूबाई मात्र खुर्चीवरून उठेनात. दाराकडे एकदा पाहून त्या हळूच म्हणाल्या, “म्याडम, मलेबी लागते जी. कधीमधी. शिमग्यापासून.”

त्यांची पाळी जाऊन बारा वर्षे झाली होती. पहिल्यांदा लागले तेव्हा त्यांना वाटले, उन्हाळा आहे, उष्णता झाली असेल. त्यांनी सब्जा घेतला, धने-जिऱ्याचे पाणी घेतले. थांबले. दोन महिन्यांनी पुन्हा लागले. या वयात कोणाला सांगायचे? नवऱ्याला? मुलाला? सुनेला सांगावे तर तीच म्हणायची, मग तुम्ही का बाजूला बसत नाही? शिमग्यापासून पोळ्यापर्यंत, जवळजवळ सहा महिने, त्या तो कपडा रात्री लपवून धूत होत्या. आणि त्याच बाई सुनेच्या बारा दिवसांच्या डागांसाठी तीस किलोमीटर प्रवास करून माझ्याकडे आल्या होत्या.

वाचकहो, हा लेख मी ज्यासाठी लिहायला घेतला ते हे. पाळी बारा महिने सलग आली नाही म्हणजे ती कायमची गेली, असे आम्ही धरतो. त्यानंतर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, गुलाबी पाण्यासारखा किंवा तपकिरी डाग जरी दिसला, तरी त्याला नैसर्गिक म्हणता येत नाही. ‘पाळी परत आली’ असे नसते. ‘उष्णता’ असे नसते. बहुतेक वेळा कारण साधेच निघते. वयाने योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी झालेली असते किंवा मांसाची लहानशी गाठ असते. पण साधारण दहा-अकरा बायकांत एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो, आणि ती एक कोण, हे तपासल्यावाचून कोणालाही सांगता येत नाही. लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब असलेल्या बायकांत आणि स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. मात्र या आजाराचा एक मोठेपणा असा की तो लवकर हाक मारतो. तो डाग म्हणजेच त्याची हाक. ती ऐकली तर बहुतेक बायका शस्त्रक्रियेने पूर्ण बऱ्या होतात.

तपासणीची भीती वाटत असेल तर सांगते. आधी आतून तपासतात, गर्भाशयमुख पाहतात. मग सोनोग्राफीने अस्तराची जाडी मोजतात. जाडी वाढलेली दिसली किंवा डाग पुन्हा पुन्हा लागत असले, तर पातळ नळीने अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. पुष्कळदा हे भूल न देताही होते. पाळीच्या कळेसारखी कळ येते आणि जाते. बाई डॉक्टर हव्यात असे आपण निःसंकोच सांगावे.

सेवा करणाऱ्या वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा विस्मरण झालेल्या आजी हे स्वतः सांगणार नाहीत. त्यांचे कपडे, चादर, डायपर बदलताना लाल किंवा तपकिरी डाग दिसला तर तो मूळव्याधीचा असेल, लघवीतला असेल, असा तर्क करून धुऊन टाकू नका. तिन्हीपैकी कुठूनही रक्त येणे तपासण्याजोगेच असते. तारीख लिहून ठेवा, मोबाईलवर छायाचित्र घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ ठेवण्याची औषधे चालू असतील तर तेही सांगा. पण ‘त्या औषधानेच असेल’ म्हणून तपासणी टाळू नका.

त्या सासूबाईंना मी दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवले. अस्तर जाड होते. पोळा झाल्यावर लगेच नागपूरला तुकडा तपासला गेला. आजार निघाला, पण अगदी पहिल्या पायरीवरचा. महिन्याच्या आत शस्त्रक्रिया होऊन गर्भाशय काढले गेले आणि पुढचे उपचार लागले नाहीत. आता त्या ठरल्या वेळी तपासायला येतात, बरोबर सून असते. येताना एकदा सासूने आणि एकदा सुनेने, अशी खुर्चीवर आधी बसण्याची त्यांची पाळी ठरलेली आहे.

त्यांना मी न सांगितलेली एक गोष्ट आपल्याला सांगते. जी संमिश्र गोळी त्यांना बंद करून हवी होती, ती काही वर्षे घेणाऱ्या स्त्रीला गर्भाशयाच्या अस्तराचा आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता कमी होते, आणि गोळी थांबवल्यानंतरही हे संरक्षण पुष्कळ वर्षे टिकते. दुसरी बाजूही सांगायला हवी. गोळी चालू असेपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, आणि ती पाच वर्षे किंवा अधिक काळ घेतली तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचाही. म्हणून तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. औषध देव नाही आणि भूतही नाही. त्याची माहिती असली की त्याच्याशी नांदता येते.

आपल्या घरासाठी दोन वाक्ये पाठ करून ठेवा. सुनेने गोळी सुरू केल्यावर पहिले तीन महिने थोडे डाग लागले, तर धीर धरावा आणि गोळी चालू ठेवावी. पाळी गेलेल्या बाईला मात्र एकच डाग लागला, तरी धीर धरू नये. दोन्ही डाग दिसायला सारखेच असतात. त्यांच्यातला फरक तेव्हाच कळतो, जेव्हा घरातल्या दोन बायका एकमेकींना ते सांगतात.

पोळ्याचे काय झाले, ते मी पुढच्या भेटीत विचारले. सुनेचे डाग त्या दिवशीही पुरते थांबले नव्हते. सासूबाई आदल्याच दिवशी सोनोग्राफीच्या निकालासाठी खेप घालून आल्या होत्या, मन ठिकाणावर नव्हते, पुरण शिजवायला हातात बळ नव्हते.

“मग नैवेद्य कोणी केला?” मी विचारले.

“तिनंच केला जी,” त्या म्हणाल्या. “बैलायनं खाल्ला.”